पाचव्या दिवसाचा टाका

"आजोबा, शिलाई मशीन तेवढं घरी ठेवलंत. बाकी सगळं दुकान आणलंय की!"

मुंबईच्या विमानतळावर तपासणीला बसलेली ती मुलगी हसत म्हणाली. तिच्या समोरच्या ट्रेमध्ये माझी पत्र्याची डबी उघडी पडली होती. डबीत बुचाच्या तुकड्यात रोवलेल्या चार सुया, पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळलेला पांढरा दोरा, अंगुस्तान, बारा टाचण्या, खडूचा चपटा तुकडा आणि एक लहान कात्री होती. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत सुती कापडाचे सात तुकडे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर मी पेन्सिलीने क्रमांक घातला होता.

तिने कात्री उचलली.

"ही जाणार नाही."

"पात्याची लांबी एक्कावन्न मिलिमीटर आहे," मी म्हणालो. "नियमात बसते. मी व्हर्नियरने मोजली आहे."

"तुमच्या नियमात बसत असेल. माझ्या ट्रेमध्ये बसत नाही."

"अहो, राहू द्या," मागून माझी बायको शालन म्हणाली. "दोरा दातानेही तुटतो."

मी कात्री सोडली. माझ्या खिशात दात साफ करायच्या दोऱ्याची एक डबी होती. दोरा तोडण्यासाठी तिच्या झाकणाला बारीक पातं असतं. कात्री जाईल हे गृहीत धरूनच मी ती घेतली होती. त्या मुलीने ती डबी हातात घेतली, हुंगली आणि परत दिली. "दातांची काळजी घेता, छान," एवढंच म्हणाली.

त्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी यांत्रिकी अभियांत्रिकीचा डिप्लोमा घेतलेला माणूस. मिरजेजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. काम सुरू करण्यापूर्वी मोजावं, मोजलेलं लिहून ठेवावं, लिहिलेलं दुसऱ्यांदा तपासावं, ही सवय तिथे लागली आणि ती घरापर्यंत आली. त्या प्रवासाचं टिपणही माझ्याकडे आहे. त्यात जे नाही तेवढंच इथे लिहितो.

आमची मुलगी वृषाली टोरांटोला होती. शनिवारी दुपारी, तिकडच्या घड्याळाने, तिला मुलगी झाली. दिवस भरायला दहा आठवडे बाकी होते. वजन एक किलो तीनशे दहा ग्रॅम. बाळ काचेच्या पेटीत होतं. व्हिसा अगोदरच काढलेला होता, म्हणून तिकिटं बदलून आम्हाला बुधवारी सकाळी सातच्या विमानाने निघता आलं. मुंबईहून तीन तासांवर आखातातलं एक शहर, तिथे अडीच तास थांबायचं आणि पुढे सलग चौदा तास उडायचं.

शालनच्या माहेरी, गडहिंग्लजला, एक रीत होती. बाळ जन्मून पाचवा दिवस उजाडेपर्यंत त्याच्यासाठी कापडाला सुई लावायची नाही. पाचवीच्या पूजेला मात्र आजोळची कुंची हवीच. कुंची म्हणजे टोपीला जोडलेला घोळ, जो खांद्यावरून पाठीपर्यंत येतो. ती जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची हवी आणि हातानेच शिवलेली हवी. गावात हे सोपं होतं. पाचव्या दिवशी पहाटेच दोघीतिघी अंगणात बसत आणि दुपारपर्यंत कुंची तयार होई. आमचा पाचवा दिवस विमानात येणार होता.

कापड बेतायला रीतीची हरकत नव्हती. शालनने तिच्या आईच्या लुगड्यातून सात तुकडे कापले. शिवण किती, हे मी काढलं. एकूण चार मीटर दहा सेंटिमीटर, त्यातली निम्मी उलटी टीप, निम्मी तुरपाई. शालनचा हात मी पूर्वी घड्याळ लावून पाहिला होता. त्या हिशेबाने तेरा ते चौदा तास लागणार होते.

आता जे सांगतो, ते त्या वेळी आमच्या घरात कोणी बोलत नसे. त्या प्रवासाच्या पाच वर्षं आधी वृषालीला पहिल्यांदा दिवस राहिले होते, तेव्हा ती पुण्यात होती. मी एकतीस वस्तूंची यादी केली होती, वस्तूपुढे तारीख घालून. चौदावी वस्तू कुंची, सातव्या महिन्याअखेर. शालन म्हणाली होती, "आमच्यात आधी शिवत नाहीत." मी म्हणालो होतो, "यादी अर्धवट ठेवून मी गाडीत बसणार नाही." दोन दिवस ती त्या यादीकडे फिरकली नाही. मग तिने यादीवर चौदाव्या ओळीपुढे खूण केली, पिशवी भरली आणि मी ती काट्यावर तोलली. सात किलो दोनशे ग्रॅम. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं.

शालनने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर तिने मला कुठलंही माप विचारणं सोडलं. भाताला पाणी किती, गाडी किती वाजता पोहोचेल, खिडकीच्या पडद्याला कापड किती लागेल, हे सगळं ती पूर्वी मला विचारत असे. आता ती अंदाजाने करी किंवा शेजारी विचारी. मला त्याचा अर्थ कळला होता, किंवा कळला असं मी समजत होतो.

आखातातल्या विमानतळावर उतरल्यावर मी फोनचं कार्ड विकत घेतलं. टोरांटोत तेव्हा पहाटेचा दीड वाजला होता. जावई नंदन रुग्णालयातच होता. त्याने पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"बाबा, आई जवळ आहेत का?"

"आहे. समोर बाकावर बसली आहे."

"मग फक्त ऐका. संध्याकाळपासून श्वास नीट चालत नाही. घशात नळी घातलीय. डॉक्टर म्हणतात, पुढचे बारा तास काढायला हवेत. तेवढे काढले तर मग..." त्याने आवाज आणखी खाली आणला. "वृषालीला अर्धंच सांगितलंय."

"बरं," मी म्हणालो. "आम्ही तुमच्या पाच वाजता उतरतो."

"बाबा, या तुम्ही."

मी फोन ठेवला. शालनने पाण्याची बाटली पुढे केली.

"काय म्हणाला?"

"तसंच आहे," मी म्हणालो. "काही फरक नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

दुसरं विमान तिकडच्या घड्याळाने सकाळी अकराला सुटलं. शालन खिडकीशी होती, मी मधल्या जागेवर. कडेची जागा रिकामी राहिली. सीटबेल्टचा दिवा विझल्यावर मी समोरचं टेबल उघडलं, डबी ठेवली, तुकडे क्रमाने लावले. मग शालनने प्रश्न विचारला. खिडकीबाहेर बघत, अगदी सहज.

"पाचवा दिवस लागला का हो?"

पाच वर्षांनी तिने मला काही मोजून मागितलं होतं.

उत्तर माझ्या खिशात लिहिलेलं होतं. मी त्याचा तक्ताच केला होता. आपल्याकडे बुधवार उजाडून सहा तास झाले होते. दिवस सूर्योदयाला बदलतो, तोही बाळ जिथे आहे तिथल्या सूर्योदयाला. टोरांटोचा सूर्योदय त्या दिवशी सात वाजता होता. तिथे आता पहाटेचे सव्वातीन वाजले होते. म्हणजे अजून पावणेचार तास.

"हो, लागला" म्हणणं सोपं होतं. आपल्या घड्याळाने ते खोटंही नव्हतं. चौदा तासांचं काम चौदा तासांत झालं असतं आणि उतरताना कुंची तयार असती. पण त्या बारा तासांत तिकडे काही घडलं असतं, तर शालनने कधी ना कधी माझा तक्ता उलगडून पाहिला असता. मग सुई आधी लागली हे तिला कळलं असतं. सुई दुसऱ्यांदा आधी लावायला मीच सांगितलं, हेही.

"नाही," मी म्हणालो. "अजून तीन तास पंचेचाळीस मिनिटं. तिथे सूर्य उगवायचा आहे."

"बरं."

"मग दहाच तास राहतात, शालन. कुंची पुरी होणार नाही."

"होईल तेवढी होईल," ती म्हणाली आणि सुती तुकड्यांवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

रिकामं बसणं मला जमत नाही. टाका घालायची मनाई होती. टाक्यापर्यंतचं काम करायला नव्हती. मी खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढली.

"ही आत कशी सोडली त्यांनी?"

"पेनाच्या खिशात होती."

"त्या पोरीला कात्री दिसली आणि ही नाही!" शालन म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली.

मी शिवणीच्या रेषेवर दर तीन मिलिमीटरला पेन्सिलीचा ठिपका दिला. पाचव्या तुकड्यापर्यंत आल्यावर तिने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि उरलेले ठिपके स्वतः दिले. मी दोऱ्याचे पंचेचाळीस सेंटिमीटरचे तुकडे केले. दात साफ करायच्या डबीचं पातं उत्तम चालत होतं. चारही सुयांत दोरा ओवून मी त्या बुचात परत रोवल्या. कडा दुमडून टाचण्या लावल्या. जेवण आलं, तेव्हा सगळं उचलून ठेवलं. जेवण झाल्यावर पुन्हा मांडलं. हवाईसुंदरीने काय चाललंय विचारलं. शालनने दोन हातांनी लहान मूल जोजवून दाखवलं. ती हवाईसुंदरी छातीवर हात ठेवून "ओह" म्हणाली आणि दोन उशा जास्तीच्या देऊन गेली.

चार वाजून तीस मिनिटांनी, म्हणजे मिरजेच्या वेळेने, मी म्हणालो, "उगवला."

शालनने बुचातली पहिली सुई उपसली. डोळे मिटून क्षणभर बसली आणि टाका घातला. मग दुसरा. तिचा हात पूर्वीसारखाच चालत होता, मिनिटाला दोन टाके. मी दोन तास नुसता पाहत राहिलो. मग मी तिसऱ्या क्रमांकाचा तुकडा पुढे ओढला आणि दुसरी सुई घेतली.

"हे काय करताय?"

"घोळाची ही कड सरळ आहे. ठिपक्यांतून सुई जायची आहे, एवढंच."

"जन्मात सदऱ्याचं बटण लावलं नाहीत तुम्ही."

"रीतीत आजोबांना मनाई आहे का?"

ती विचारात पडली. "तसं कोणी सांगितलेलं नाही. कोणी आजोबा आजवर बसलेच नसतील."

ठिपके असूनही काम कठीण होतं. अंगुस्तान तिच्या बोटात होतं, माझ्या बोटात सुईचं मागचं टोक रुतत होतं. अर्ध्या तासात मी बारा सेंटिमीटर केले. शालनने ते उजेडाकडे धरले.

"हे टाके आहेत की रुळाखालचे स्लीपर?"

"भार पेलतील."

"तान्हं बाळ आहे, मालगाडी नाही," ती म्हणाली. पण उसवलं नाही. तुकडा माझ्यापुढे परत ठेवला आणि आपल्या शिवणीवर नजर ठेवून पुढचं वाक्य बोलली. बोलताना तिचा हात थांबला नाही.

"मागच्या वेळी मी कुंची शिवली नव्हती."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"तू खूण केली होतीस. चौदाव्या ओळीपुढे."

"खूण केली. शिवलं काहीच नव्हतं, ना कुंची, ना झबली, ना दुपटी. एक टाकासुद्धा नाही."

"मी पिशवी तोलली होती."

"जुन्या चादरी होत्या आत. तुम्ही तोलणार हे मला माहीत होतं. वजन भरायला नको का?"

मी सुई खाली ठेवली. पाच वर्षं मी एक गोष्ट रोज सकाळी उठल्याबरोबर उचलत होतो आणि रात्री खाली ठेवत होतो. सुईच्या टाक्याने मूल दगावत नाही, हे मला शिक्षणाने माहीत होतं. तरी मी ती उचलत होतो. ती गोष्ट नव्हतीच. चादरी होत्या.

"पाच वर्षं!" माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं. "पाच वर्षं सांगितलं नाहीस मला?"

"काय सांगायचं होतं? तुम्हाला फसवलं म्हणून?"

"मला वाटत होतं, तू मला दोष देतेस. मी शिवायला लावलं म्हणून."

आता तिचा हात थांबला.

"तुम्हाला?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही ती पिशवी उघडून पाहिलीत. पुण्याहून परत आल्यापासून तुम्ही माझ्याशी तुटक झालात. एक यादी केली नाहीत पुन्हा. मी म्हटलं, खोटं पकडलं, आणि अशा वेळी काय बोलायचं म्हणून गप्प आहेत. मग मीही काही विचारेनाशी झाले."

आता सांगायचा राहिला होता तो नंदनचा फोन, पण त्याआधी मला एक विचारायचं होतं.

"म्हणजे मागच्या वेळी तू रीत पाळली होतीस."

"पूर्ण पाळली."

"तरी ते मूल गेलं."

"गेलं."

"मग आज पावणेचार तास हातावर हात ठेवून का बसलीस? तुला माहीत आहे, त्याने काही होत नाही."

शालनने टाका ओढून घेतला, दोरा ताणून पाहिला. "तिकडे डॉक्टर आहेत. ते त्यांचं करतायत. आपल्या हातात काय होतं? तुम्ही तक्ता केलात. मी थांबले. तुम्ही 'लागला' म्हणाला असतात, तर मी शिवायला घेतलं असतं हो. पण तुम्ही खरं होतं तेच सांगितलंत."

तेव्हा मी तिला सांगितलं. नंदनचं प्रत्येक वाक्य, ज्या क्रमाने तो बोलला त्याच क्रमाने. संध्याकाळपासून श्वास, घशात नळी, बारा तास. ती ऐकत होती. तिचा चेहरा बदलला नाही, पण तिने सुई कापडात रोवून ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"कधी सांगणार होतात?"

"उतरल्यावर."

"बारा तासांतले किती झाले?"

"साडेआठ."

"म्हणजे तिथे आता..."

"सकाळचे दहा."

तिने खिडकीचा पडदा वर केला. खाली ढग होते, त्यांवर ऊन होतं. पश्चिमेला जाणाऱ्या विमानात दिवस संपत नाही.

"यापुढे आकडा असेल तो सांगा," ती म्हणाली. "चांगला की वाईट, ते माझं मी बघेन. 'तसंच आहे' हा आकडा नव्हे."

"नाही सांगणार पुन्हा तसं."

"शिवा आता. घोळ तुमच्याकडे आहे."

पुढचे साडेसहा तास आम्ही शिवत होतो. एकमेकांशी फारसं बोललो नाही. दोन वेळा तिने "या कडेला आत किती दुमड घेऊ?" असं विचारलं आणि मी "सहा मिलिमीटर" असं सांगितलं. उतरायची सूचना झाली, तेव्हा टोपी आणि घोळ जोडून झाले होते. गळ्याशी बांधायची नाडी आणि एक कड राहिली होती.

नंदन विमानतळावर येऊ शकला नाही. त्याचा मित्र गाडी घेऊन आला होता. त्याला काही माहीत नव्हतं, किंवा त्याने माहीत नसल्यासारखं केलं. गाडीत शालनने एकदाही विचारलं नाही. कुंची तिच्या पदराखाली होती.

रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावर नंदन दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने वाकून दोघांना नमस्कार केला आणि म्हणाला, "आतमध्ये एका वेळी एकच जण. वृषालीला आत्ताच झोप लागलीय. बाबा, कुणी जायचं?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. तीन रात्री न झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं सारखंच दिसतं. मी शालनकडे पाहिलं. पाचवीची कुंची तिच्या हातात होती, आजोळची रीत तिची होती, जाण्याचा मान तिचा होता.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी?"

"जा. आणि मला येऊन सांगा."

नर्सने मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पिवळा झगा घातला आणि चौथ्या पेटीशी नेऊन उभं केलं. मी तिथे सहा मिनिटं होतो. काय पाहिलं त्याचं वर्णन मी कधी करू शकलो नाही. जे करता येत होतं, ते मी केलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला, तेव्हा मी त्या छातीकडे पाहायला सुरुवात केली. पुन्हा बारावर आला, तेव्हा आकडा मनात ठेवला. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजलं.

बाहेर आलो तेव्हा शालन भिंतीला टेकून उभी होती. बसायला खुर्च्या होत्या, तरी उभी होती.

"बोला."

"मिनिटाला बावन्न श्वास," मी म्हणालो. "दोनदा मोजले. दोन्ही वेळा बावन्न. घशातली नळी दुपारी काढली, आता नाकाशी बारीक नळी आहे. मध्ये खंड पडत नाही. डावा हात हलवते. वजन एक किलो दोनशे नव्वद, म्हणजे वीस ग्रॅम कमी. पहिल्या आठवड्यात तेवढं घटतंच, असं नर्स म्हणाली. ते मी मोजलेलं नाही, तिने सांगितलेलं आहे."

मग तिने पदराखालची कुंची काढली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग नाडी किती लांब ठेवू?"